डिअर लॉजचं घर आणि वाचनालय

सिअॅटलहून यलोस्टोनला निघालेली आपली मंडळी बहुतेक एकाच रस्त्याने जातात. इंटरस्टेट ९०. डिकीत ठेपले, चिवडा आणि इलेक्ट्रिक कुकर, पहिला मुक्काम मिसूला किंवा ब्यूट. या दोन गावांच्या मधे डिअर लॉज नावाचं तीनेक हजार वस्तीचं गाव लागतं. तिथे कुणी थांबत नाही. आम्ही थांबलो ते पेट्रोल भरायला. पंपाजवळ नॅशनल पार्क सर्व्हिसची तपकिरी पाटी दिसली, ‘ग्रँट-कोर्स रँच’. अर्ध्या तासात बघून निघू म्हणून आत गेलो आणि दुपार तिथेच गेली.

‘कोर्स’ हे माणसाचं आडनाव आहे. आमच्या पिढीला कोर्स म्हटलं की संगणकाचा कोर्स आठवतो, त्याला इलाज नाही. कॉनरॅड कोर्स, जन्म १८३५, मृत्यू १९२०. एके काळी मोंटानात त्याच्याइतकी गुरं फार थोड्यांकडे होती.

पण आधी ‘रँच’ या शब्दाबद्दल. मराठीत त्याला सरळ प्रतिशब्द नाही. गवळी दूध विकतो, धनगर मेंढरं घेऊन फिरतो, शेतकऱ्याच्या दावणीला चार-दोन बैल आणि म्हैस असते. हजारो जनावरं मोकळ्या माळावर सोडून द्यायची, वर्षातून दोनदा गोळा करायची, वासरांना डाग द्यायचा आणि मोठी झालेली विकायची, हा धंदा आपल्याकडे नव्हताच. वडोदऱ्यात राहणाऱ्यांना त्यातल्या त्यात जवळचा शब्द ‘मालधारी’ वाटेल. ज्याच्याकडे माल आहे तो, आणि माल म्हणजे गुरं. इंग्रजीतही ‘कॅटल’ आणि ‘कॅपिटल’ हे शब्द एकाच मुळातून आलेत, आणि आपणही पशुधन म्हणतोच. कोर्सच्या बाबतीत हे अक्षरशः खरं होतं. त्याचं भांडवल चार पायांवर चालत होतं.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो. ही गुरं दुधासाठी नव्हती, मांसासाठी होती, आणि कोर्सची सुरुवात खाटकाच्या दुकानात झाली. आपल्याकडे काहींना हे वाचताना अवघडल्यासारखं होईल. मलाही गोठे बघताना थोडं झालं. पण माणूस समजून घ्यायचा तर त्याचा धंदा वगळून चालत नाही.

कोर्स मूळचा होलश्टाइनचा. हा आजच्या उत्तर जर्मनीतला भाग, त्या काळी डेन्मार्कच्या राजाच्या अमलाखाली होता. आपल्याकडे डेअरीत जी काळी-पांढरी ‘एचएफ’ गाय असते, तिच्या नावातला ‘एच’ तो हाच होलश्टाइन. पोरवयातच तो जहाजावर कामाला लागला, पुढे अमेरिकेत आला आणि सोन्याच्या मागे कॅलिफोर्नियापर्यंत गेला. १८६२ मध्ये मोंटानातल्या बॅनॅकला सोनं सापडलं. कोर्स तिथेही पोचला. सोनं काही त्याच्या हाती लागलं नाही. एका खाटकाच्या दुकानात महिना २५ डॉलरवर नोकरी मात्र मिळाली.

दुकानाचा मालक हेन्री क्रॉफर्ड गावचा शेरीफही होता. त्याचं हेन्री प्लमर नावाच्या माणसाशी भांडण झालं, गोळीबार झाला, आणि क्रॉफर्ड जीव घेऊन गाव सोडून गेला. मग शेरीफ झाला प्लमर आणि दुकान आलं कोर्सकडे. काही महिन्यांत लोकांची खात्री पटली की वाटमारी करणाऱ्या टोळीचा म्होरक्या हा नवा शेरीफच आहे. जानेवारी १८६४ मध्ये गावकऱ्यांनी खटला न चालवता त्याला फासावर चढवलं. कोर्स त्या गावकऱ्यांच्या बाजूचा होता. सोनं घेऊन गुरं खरेदीला जाताना त्याच्याही मागे लुटारू लागले होते आणि घोडा पळवून त्याने जीव वाचवला होता. प्लमर खरंच दोषी होता का, यावर अजून वाद चालतो. ज्या काळाला आपण सिनेमात ‘वेस्टर्न’ म्हणतो, त्यात न्याय आणि खून यांच्यातली रेघ किती पुसट होती, हे तिथल्या साध्या माहितीफलकांवरूनही कळतं.

सोन्याच्या छावण्यांची एक गंमत असते. खाणीतलं सोनं संपतं, लोक उठून पुढच्या डोंगराकडे जातात. भूक मात्र सगळ्या डोंगरांवर सारखीच. कोर्सने एकेका छावणीत दुकानं घातली. दुकानांना मांस हवं म्हणून गुरं घेतली, गुरांना चारा हवा म्हणून डिअर लॉजच्या खोऱ्यात आला. सोन्यामागे आलेले बहुतेक निघून गेले, त्यांना जेवू घालणारा राहिला.

डिअर लॉजला त्याच्या आधी होता जॉनी ग्रँट. हा कॅनडात जन्मलेला, हडसन्स बे कंपनीतल्या व्यापाऱ्याचा मुलगा. त्याची धंद्याची युक्ती मला फार आवडली. ऑरेगनच्या वाटेने बैलगाड्यांचे तांडे पश्चिमेकडे जायचे. चालून चालून त्यांची जनावरं खंगलेली असायची. ग्रँट त्यांना एक धष्टपुष्ट जनावर द्यायचा आणि बदल्यात दोन थकलेली घ्यायचा. ती दोन खोऱ्यात नेऊन चारायची, पुढच्या वर्षी धष्टपुष्ट झाली की पुन्हा एकाला दोन. गवत फुकट, पाणी फुकट. १८६२ मध्ये त्याने जे घर बांधलं ते त्या भागातलं सगळ्यात चांगलं मानलं जायचं. त्याच्या बायका तिथल्याच आदिवासी जमातींमधल्या होत्या. १८६६ मध्ये कोर्सने हे घर आणि रँच १९,२०० डॉलरला विकत घेतली. ग्रँट कॅनडाला परत गेला.

घर अजून उभं आहे. पुढचा भाग पांढरा, लाकडी, मागे १८९० मध्ये वाढवलेलं विटांचं बांधकाम. आत जाताना रेंजर बाईंनी पिशव्या बाहेर ठेवायला लावल्या. कारण आत गेल्यावर समजलं. दिवाणखान्यातल्या खुर्च्या, पडदे, काचसामान, जेवणाचं टेबल हे सगळं त्याच कुटुंबाचं आहे. दुसरीकडून आणून सजवलेलं नाही.

या घराला घर केलं ते ऑगस्टाने. ऑगस्टा क्रूझ, हॅम्बुर्गकडची. १८६८ मध्ये लग्न झालं तेव्हा ती एकोणीस वर्षांची आणि तो बत्तीसचा. ओळख काही आठवड्यांची. लग्न झालं आयोवात, तिथून मिसूरी नदीतून आगबोटीने आठवडेच्या आठवडे प्रवास, मग फोर्ट बेंटनपासून घोडागाडी. पोचल्यावर तिने काय पाहिलं असेल? पुरुषांनी चालवलेलं, पुरुषांनी घाण केलेलं घर. असं सांगतात की तिने आधी स्वयंपाक्याला रजा दिली, मग घर वरपासून खालपर्यंत घासून काढलं. स्वयंपाक, साबण, मेणबत्त्या, शिवण, सगळं स्वतः. पैसा आल्यावर हीच बाई आगगाडीने न्यूयॉर्कला ऑपेरा ऐकायला जाऊ लागली. आमच्या ग्रुपमधल्या एकीने लगेच विचारलं, “मग घराला नाव ग्रँट-कोर्स का, ऑगस्टाचं का नाही?” रेंजर बाई हसल्या, म्हणाल्या, हा प्रश्न मला दर आठवड्याला कुणीतरी विचारतं.

कोर्सबरोबर धंद्यात होता जॉन बीलेनबर्ग, एकाच आईचा पण दुसऱ्या वडिलांचा भाऊ. दोघांची वाटणी सरळ होती. कोर्स बाहेरचं बघायचा: व्यवहार, बँका, रेल्वे, पुढे राजकारण. जनावरं, घोडे आणि माणसं बघायचा बीलेनबर्ग. त्याने लग्न केलं नाही, भावाच्याच कुटुंबात राहिला. जन्मभर न मोडलेली भावाभावांची भागीदारी ही अमेरिकेतही काही रोज दिसणारी गोष्ट नाही.

भरभराटीच्या काळात या दोघांची गुरं चार राज्यांत आणि कॅनडात मिळून सुमारे १ कोटी एकरांवर चरत होती. वर्षाला ८ ते १० हजार जनावरं शिकागोच्या बाजारात जायची. आकडा वाचून मी दोनदा खात्री केली. पण ही जमीन त्यांची नव्हती. ती सरकारी होती, म्हणजे कागदावर सरकारी. त्याआधी ती आदिवासींची होती, आणि त्या गवतावर जगणारे रानरेडे, बायसन, १८८० च्या दशकात जवळपास संपवले गेले म्हणून ते गवत गुरांना मोकळं झालं. कोर्सच्या कष्टांचं कौतुक करताना हा हिशेब बाजूला ठेवता येत नाही. पार्क सर्व्हिसही तो आता लपवत नाही, हे बरं आहे.

फुकटच्या गवताची किंमत १८८६-८७ च्या हिवाळ्यात वसूल झाली. त्या वर्षी उन्हाळा कोरडा गेला होता. कुरणांवर झेपणार नाहीत इतकी गुरं आधीच झाली होती, कारण गवत कुणाचंच नसलं की प्रत्येकजण आपली चार जास्त सोडतो. नोव्हेंबरपासून बर्फ पडायला लागला. जानेवारीत थोडं ऊन पडून वरचा थर वितळला आणि लगेच पुन्हा गोठला. त्याची कडक काच झाली. बर्फ भुसभुशीत असेल तर गुरं खुराने उकरून खालचं गवत खातात, पण काचेपुढे खूर चालेना. पाय कापले गेले. वर वादळावर वादळ. चारा साठवून ठेवण्याची पद्धत फारशी कुणाचीच नव्हती. बर्फ वितळल्यावर ओढ्या-नाल्यांत मेलेल्या गुरांचे ढीग निघाले. मोंटानातली निम्म्याहून जास्त जनावरं मेली असा अंदाज आहे.

त्या हिवाळ्यात चार्ली रसेल नावाचा एक तरुण गुराखी दुसऱ्याच्या गुरांची राखण करत होता. मालकाने पत्र पाठवून विचारलं, गुरं कशी आहेत? रसेलने पोस्टकार्डाएवढ्या कागदावर एक मरायला टेकलेली गाय काढली, भोवती लांडगे टपलेले, आणि तेच उत्तर म्हणून पाठवलं. त्यातून पुढे तो अमेरिकेतला नावाजलेला चित्रकार झाला. त्याच मुलखात ग्रॅनव्हिल स्टुअर्ट नावाचा मोठा रँचर होता, कोर्सचा एका कंपनीतला भागीदार. हा प्रकार बघून त्याला धंद्याचा वीट आला. ज्याला खाऊ घालता येत नाही आणि आसरा देता येत नाही असं जनावर पुन्हा बाळगायचं नाही, असं त्याने ठरवलं.

कोर्सचंही प्रचंड नुकसान झालं. पण तो उठला, आणि कसा उठला ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ब्यूटचा बँकर ए. जे. डेव्हिस याने त्याला १ लाख डॉलर कर्ज दिलं, तारण न घेता. आज आम्ही मंडळी क्रेडिट स्कोअर सातशेपन्नासच्या खाली गेला की झोप उडवून घेतो. तिथे गहाण टाकायला जनावर उरलं नव्हतं. उरली होती वीस-पंचवीस वर्षांची ओळख आणि व्यवहारातला शब्द. पुढच्या काही वर्षांत कोर्सने ती रक्कम फेडली.

त्याहून मोठं म्हणजे त्याने पद्धत बदलली. खोऱ्यात पाट काढून गवत पिकवायचं, कापून वाळवून गंज्या लावायच्या, हिवाळ्यात गुरांना घरी चारा घालायचा. संख्या मोजण्यापेक्षा जात सुधारायची. शॉर्टहॉर्न, हेरफर्ड अशी चांगल्या रक्ताची गुरं आणि भारी घोडे त्यांनी पैदास केले. आपल्या शेतकऱ्याला यात काय नवल वाटणार? कडबा साठवल्याशिवाय उन्हाळा निघत नाही हे आपल्याकडे पोरालाही ठाऊक असतं. पण फुकट गवताच्या नशेत असलेल्या त्या मुलखाला हे एवढा फटका बसल्यावर कळलं.

१८८९ मध्ये मोंटानाला राज्याचा दर्जा मिळाला, तेव्हा राज्यघटना लिहिणाऱ्या सभेत कोर्स प्रतिनिधी होता.

त्याला तीन मुलं. ॲना आणि कॅथरीन या दोन मुली आणि विल्यम हा एकुलता मुलगा. विल्यमला त्यांनी न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकायला पाठवलं. १९०१ मध्ये, विशीत असताना, तिथेच तो अपेंडिक्सच्या दुखण्याने गेला. आज एका दिवसाच्या ऑपरेशनने जे निभावतं त्याने.

घर पाहून झाल्यावर आम्ही गावात गेलो. मुख्य रस्त्यावर जुना तुरुंग आहे, किल्ल्यासारख्या भिंतींचा. आता त्याचं संग्रहालय झालंय आणि गावात येणारा पर्यटक आधी तिथेच जातो. त्याच गावात खांबांची कमान असलेली एक नेटकी इमारत आहे. विल्यम के. कोर्स मेमोरियल लायब्ररी. मुलाच्या आठवणीसाठी आईबापांनी गावाला दिलेली. पुतळा नाही, छत्री नाही, वाचनालय. आणि ते अजून चालू आहे. आम्ही गेलो तेव्हा दोन शाळकरी मुली संगणकासमोर बसल्या होत्या आणि एक म्हातारे गृहस्थ वर्तमानपत्र पुढ्यात धरून डुलकी घेत होते. अगदी आपल्या वाचनालयांत घेतात तशी.

मला तिथे वडोदरा आठवणं अपरिहार्य होतं. कवळाण्याच्या शेतकऱ्याच्या घरचा गोपाळ १८७५ मध्ये दत्तक येऊन सयाजीराव झाला. त्या सयाजीरावांनी १९०६ मध्ये अमेरिकेचा दौरा केला, तिथली फुकट सार्वजनिक वाचनालयं पाहिली, आणि १९१० मध्ये विल्यम बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला वडोदऱ्याला बोलावून घेतलं. बॉर्डन तीन वर्षं राहिला. मध्यवर्ती वाचनालय उभं राहिलं, महाराजांच्या खाजगी संग्रहातली पुस्तकं त्यात आली, आणि गावोगाव वाचनालयांचं जाळं पसरलं. ज्या काळात मोंटानातला एक गुरंवाला आपल्या गावाला वाचनालय देत होता, त्याच सुमाराची ही गोष्ट. कोर्स आणि महाराज एकमेकांना ओळखत नव्हते, पण वारं एकच होतं. मांडवीजवळच्या त्या इमारतीत लहानपणी पुस्तकं बदलायला गेलेल्या आपल्यातल्या कितीजणांना ठाऊक असतं की तिची व्यवस्था लावणारा माणूस अमेरिकेहून आला होता?

कोर्स दांपत्य हेलेनाला राहायला गेलं, उन्हाळ्यात रँचवर येत राहिलं. माळावर छोटे शेतकरी येऊन वसू लागले, काटेरी तारा लागल्या, मोकळं कुरण संपलं. कोर्सने हळूहळू गुरं आणि जमीन विकून टाकली. १९२० मध्ये तो गेला, १९२२ मध्ये बीलेनबर्ग. घराभोवतीचे हजारेक एकर तेवढे उरले. ऑगस्टा पुढे पंचवीस वर्षं जगली, १९४५ मध्ये शहाण्णवाव्या वर्षी गेली. घरातली प्रत्येक वस्तू जिथल्या तिथे राहील हे तिने पाहिलं.

मग नातू. मुलीचा मुलगा, नाव आजोबांचंच, कॉनरॅड वॉरन. तो आजीच्या रँचवर साध्या गड्याच्या कामापासून सुरू झाला, १९३२ मध्ये व्यवस्थापक झाला, १९४० मध्ये रँच विकत घेतली. हो, विकत. वारसाहक्काने फुकट मिळाली नाही. त्याने आणि बायको नेलने हिशेबाच्या वह्या, पत्रं, खोगिरं, बग्ग्या, काही टाकलं नाही. पुढे त्यांनी घर आणि जमीन पार्क सर्व्हिसला विकली, ती चालती रँच राहावी म्हणून. हमरस्त्याला लागून असलेल्या जमिनीवर काय काय बांधता आलं असतं याचा हिशेब त्यालाही येतच असणार.

रावपुऱ्यात, दांडिया बाजारात गेल्या वीस वर्षांत किती वाडे पडले ते आपण पाहिलंय. वाड्याचं लाकूड मोजून विकलं जातं, पितळी कड्यांनाही गिऱ्हाईक असतं. मोडी लिपीतल्या वह्या मात्र रद्दीत जातात, कारण घरात त्या वाचणारं कुणी उरलेलं नसतं. डिअर लॉजच्या माळ्यावर पंजोबांच्या काळातली पावतीसुद्धा फाइलला लावलेली बघून मी घरी फोन केला, आजोबांची ट्रंक अजून गच्चीच्या खोलीत आहे ना ते विचारायला. आहे. आई म्हणाली, “तू आलास की उघडू.”

जाणाऱ्यांसाठी दोन शब्द. प्रवेशाला पैसे लागत नाहीत. घर रेंजरबरोबरच बघता येतं, बाकीचे गोठे आणि गड्यांच्या खोल्या आपले आपण. लांब शिंगांची गुरं कुंपणापलीकडून बघावीत. पोरांना लाकडी घसरगुंडीसारखं प्रचंड यंत्र दाखवा. त्याला ‘बीव्हरस्लाइड’ म्हणतात, त्यावरून घोड्यांच्या ओढीने गवत वर चढवून गंजी रचतात. मोंटानातलाच शोध.

आणि वेळ असेल तर मागे क्लार्क फोर्क नदीपर्यंत चालत जा. वरच्या अंगाला ब्यूटच्या तांब्याच्या खाणी आणि अॅनाकोंडाचा तांबं वितळवण्याचा जुना कारखाना. १९०८ च्या पुरात तिथला विषारी गाळ वाहत येऊन रँचच्या काठावर बसला, आणि काही पट्ट्यांवर शंभर वर्षं गवताचं पातं उगवलं नाही. गेल्या काही वर्षांत तो गाळ खणून काढून नवी माती घातली आहे. आम्ही गेलो तेव्हा काठाने विलोची गुडघाभर रोपं लावलेली होती, आणि हरणांनी खाऊ नयेत म्हणून भोवती तारेची जाळी.